अंगठा आणि तर्जनी : स्पॅनिश गिटारीच्या हस्तकलेचा एक अभ्यास

मैफलीत गायकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, साथीदारांची नावेही जाणकारांना माहीत असतात. परंतु गायकाच्या मागे अखंड झंकारणारा तंबोरा कोणी घडविला, हे विचारणारा श्रोता विरळाच. वाद्य घडविणारा कारागीर सुराच्या जन्मस्थानी असतो आणि सुराच्या सोहळ्यात मात्र नसतो. हे जसे मिरजेच्या तंबोऱ्याचे, तसेच युरोपातील अभिजात गिटारीचे. आज जगभरच्या सभागृहांत वाजणारी ही सहा तारांची गिटार ज्या रूपात आपण पाहतो, ते रूप तिला दक्षिण स्पेनमधील एका सुताराने दिले. त्याचे नाव आन्तोनियो दे तोरेस.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. ही गिटार हाताने कशी घडविली जाते. त्या घडणीमागे कोणते शास्त्र आहे. आणि हे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, किंवा कधीकधी का जात नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कार्यशाळेत सापडतात. तिसरा प्रश्न मात्र कार्यशाळेइतकाच शाळेचाही आहे, आणि म्हणूनच तो या स्मरणिकेत मांडावासा वाटतो.

अल्मेरियाचा सुतार

तोरेसचा जन्म १८१७ साली स्पेनच्या अल्मेरिया शहराजवळील एका वस्तीत झाला. वडील करवसुलीचे काम करीत. वयाच्या बाराव्या वर्षी मुलाला सुतारकाम शिकावयास ठेवण्यात आले. अठराव्या वर्षी लग्न झाले. पुढील दहा वर्षांत दोन मुली गेल्या आणि १८४५ मध्ये पत्नीही क्षयाने गेली. या काळात तो सेव्हिया या मोठ्या शहरात आला आणि तेथील गिटार बनविणाऱ्यांच्या वस्तीत राहून त्याने हे नवे काम आत्मसात केले. खुलियान आर्कास या त्या काळच्या नामवंत वादकाने त्याला उत्तेजन दिले. १८५८ साली सेव्हियाच्या प्रदर्शनात त्याच्या गिटारीला कांस्यपदक मिळाले.

कीर्ती मिळाली, पण पोट भरेना. १८७० च्या सुमारास तो अल्मेरियाला परतला आणि त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान टाकले. काही वर्षांनी त्याने पुन्हा रंधा हाती घेतला, आणि १८९२ मध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो दुकान सांभाळून गिटारी घडवीत राहिला. त्याच्या हयातीतच फ्रान्सिस्को तारेगा याच्यासारखा थोर वादक त्याची गिटार वाजवीत होता. आज त्याच गिटारी संग्रहालयांत काचेमागे जपल्या जातात.

तोरेसने सर्व काही नव्याने शोधले, असे नाही. तबलीच्या आतून पंख्याच्या आकारात पट्ट्या चिकटविण्याची रीत त्याच्या आधीपासून स्पेनमध्ये होती. त्याने केले ते असे की, हाती आलेल्या प्रत्येक रीतीची परीक्षा घेतली. गिटारीचे पोट मोठे केले, तबली पातळ ठेवून तिला किंचित घुमटाकार दिला, पंख्याच्या सात पट्ट्यांची मांडणी पक्की केली आणि तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली. हीच लांबी आज जगभर प्रमाण मानली जाते.

लाकूड : तीन खंडांचा मेळ

तंबोऱ्याप्रमाणे गिटारीतही सर्वांत महत्त्वाचा भाग तबलीचा. तार एकटी फारसा आवाज करू शकत नाही, कारण ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तारेचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते, आणि तबली आपल्या मोठ्या पृष्ठभागाने हवा हलविते. म्हणून तबलीचे लाकूड वजनाला हलके आणि तरीही ताठ हवे. हे दोन्ही गुण एकत्र असलेले लाकूड म्हणजे आल्प्सच्या थंड उतारांवर सावकाश वाढलेला स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष. थंडीमुळे त्याची वार्षिक वलये एकमेकांना अगदी लगटून असतात. ओंडका शक्यतो पाचर घालून फोडला जातो, कारण करवत सरळ रेषेत चालते, पण लाकडाचा धागा नेहमीच सरळ नसतो. फोडलेले लाकूड आपल्या धाग्याच्या वाटेनेच दुभंगते, आणि तो धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतो. मग एकाच फळीचे दोन पातळ पापुद्रे काढून ते उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे शेजारी जोडतात. त्यामुळे डाव्या बाजूच्या रेषा उजव्या बाजूच्या रेषांचे प्रतिबिंब होतात, आणि दोन्ही बाजूंची ताकदही सारखी राहते.

पाठ आणि कडा यांसाठी जड, घट्ट लाकूड वापरतात. पूर्वी ब्राझीलच्या शिसवाला मान होता. जंगले ओस पडू लागल्यावर १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तेव्हापासून जगातील बहुतेक चांगल्या गिटारींच्या पाठीला भारतीय शिसव लागते, म्हणजे ज्या शिसवीच्या फडताळांचा आणि झोपाळ्यांचा आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना अभिमान असे, तेच लाकूड. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांपुरती त्यात सवलत देण्यात आली. झाड शंभर वर्षांत वाढते, आणि त्याची पाठ दोन मिलिमीटर जाडीची होते. कारागिराला हा हिशेब विसरून चालत नाही.

दांडीसाठी अमेरिका खंडातील सेद्रो नावाचे हलके, सुगंधी लाकूड घेतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आपल्या तुणीचे सख्खे नातलग. आणि तूण म्हणजे सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचे नेहमीचे लाकूड. दोन दूरच्या देशांतील कारागीर एकमेकांना न भेटता एकाच कुळाच्या झाडापाशी पोचले, हे योगायोगाने घडलेले नाही. हलके, सहज कापले जाणारे, आणि वाळल्यावर वेडेवाकडे न होणारे लाकूड दोघांनाही हवे होते.

घडणीचा क्रम

स्पॅनिश पद्धतीत साचा जवळजवळ नसतोच. असते ती एक जाड फळी, गिटारीच्या आकाराची, मध्यभागी किंचित खोलगट. तिला सोलेरा म्हणतात. तबली तिच्यावर पालथी ठेवली जाते आणि सारी गिटार उताणी न होता, पाठ वर करूनच वाढत जाते.

प्रथम तबली रंध्याने पातळ केली जाते, साधारण दोन ते अडीच मिलिमीटरपर्यंत. मधल्या गोल छिद्राभोवतीची नक्षी रंगीत लाकडाच्या अतिबारीक काड्यांची असते. काड्या जुळवून त्यांची लगड चिकटवितात, आणि तिचे आडवे काप काढून ते नगासारखे खाचेत बसवितात. नंतर आतून सात पट्ट्या पंख्यासारख्या चिकटविल्या जातात. त्यांचे काम दुहेरी असते. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४० किलो वजनाइतका असतो. तो सोसण्याचे बळ त्या तबलीला देतात, आणि तिचे कंपन कोणत्या दिशेला किती पसरावे हेही ठरवितात. पटाशीने या पट्ट्या कडेला निमुळत्या केल्या जातात, आणि दर दोन-चार फटक्यांनंतर कारागीर तबली बोटांत धरून तिच्यावर टिचकी मारून ऐकतो.

कडांच्या पट्ट्या पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवितात. घाई केली तर लाकूड तडकते, आणि फार वेळ लावला तर करपते. लाकूड कधी नरमते, हे हाताला आपोआप कळावे लागते. वाकलेल्या कडांची टोके दांडीच्या बुंध्यातील खाचांत बसतात. त्यामुळे दांडी मागाहून जोडावी लागत नाही. दांडी आणि पोट एकत्रच जन्माला येतात. तबली व कडा यांच्या कोनात लाकडाचे छोटे ठोकळे एकेक करून चिकटवीत जातात. प्रत्येक ठोकळा बोटाने दाबून धरावयाचा, सरस धरू लागला की पुढचा घ्यावयाचा. अशा ठोकळ्यांची संख्या शेकड्यात जाते. सर्वांत शेवटी पाठ बसते, आणि त्या क्षणापासून आतील काम पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तरीही चांगला कारागीर आतील ठोकळेही बाहेरच्या नक्षीइतकेच स्वच्छ ठेवतो.

येथे सरसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा जुना सरस ऊन करून लावावा लागतो आणि गार होताच धरतो. नव्या रासायनिक गोंदांपुढे तो गैरसोयीचा वाटतो. परंतु ऊब आणि ओलावा दिला की तो पुन्हा सुटतो. म्हणजे शंभर वर्षांनी पट्टी सैल झाली, पाठीला चीर गेली, तर पुढच्या पिढीतील कोणी कारागीर सांधा न फोडता गिटार उघडू शकतो. आपले काम कधीतरी दुसऱ्या कोणाला दुरुस्त करावे लागेल, हे मान्य करूनच येथे सांधा केला जातो.

शेवटचा हात चपडा लाखेचा. स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या गोळ्याने, अतिशय पातळ थरांत, दिवसेंदिवस चोळली जाते. जाड रंगाचे ओझे तबलीला सोसत नाही. लाखेचा थर मात्र तिला झाकतो आणि कंपनाला अडवीत नाही. ही लाख पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील किड्यापासून मिळते, आणि झारखंड-छत्तीसगडची जंगले तिची मोठी भूमी आहेत. ती गोळा करणारे हात बहुधा आदिवासींचे असतात. स्पेनमधील गिटारीच्या अंगावरची झळाळी त्यांच्याही श्रमाची आहे.

हाताने केलेले गणित

हस्तकला म्हणजे अंदाजपंचे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो किती चुकीचा आहे, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण तबलीच्या जाडीचे. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अडीच मिलिमीटरची तबली रंध्याने सव्वादोन मिलिमीटर केली, म्हणजे जाडी एक दशांशाने घटविली, तर वजनही एक दशांशानेच घटते. परंतु ताठपणा मात्र जवळजवळ २७ टक्क्यांनी घटतो. कारागिराने हे सूत्र शाळेत शिकलेले असो वा नसो, शेवटच्या पाव मिलिमीटरला त्याचा हात आपोआप मंदावतो. तोरेसचा रंधा त्या ठिकाणी थांबत होता. सूत्र त्या थांबण्याचे कारण सांगते.

दुसरे उदाहरण पडद्यांचे. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे असतील, तर तारेची उरलेली लांबी दर पडद्याला १७.८१७ ने भागावी लागते. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा अशा रीतीने सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो, आणि बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर. जुने कारागीर सोयीसाठी १८ ने भागीत. पहिल्या पडद्याला यामुळे पडणारा फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. परंतु बारा वेळा तीच क्रिया केली की बारावा पडदा ३२२.६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे मध्यापासून २.४ मिलिमीटर अलीकडे. एकेका पावलाला न जाणवणारी चूक बाराव्या पावलाला कानाला खटकते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. घातांकाचा पाठ इतका सुरेल दुसरीकडे मिळणार नाही.

पुठ्ठ्याची गिटार

गिटारीचा आवाज नेमका कोठून येतो? किमती शिसवाच्या पाठीतून, की साध्या दिसणाऱ्या तबलीतून? तोरेसच्या काळी यावर मतेच मते होती. त्याने वाद घातला नाही. १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची तबली नेहमीसारखी उत्तम लाकडाची, आणि पाठ व कडा मात्र कागदाच्या लगद्याच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या. एक गोष्ट बदलावयाची आणि बाकीच्या तशाच ठेवावयाच्या, ही प्रयोगाची रीत आपण विज्ञानाच्या वर्गात शिकवितो. अल्मेरियाच्या या सुताराने ती पटाशी हाती धरून अवलंबिली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

या प्रयोगाने पाठीचे लाकूड निरर्थक ठरत नाही. पाठ आणि कडा गिटारीला टिकाऊपणा देतात, आवाजाच्या रंगातही त्यांचा वाटा असतो. प्रयोगाने एवढेच दाखविले की, गिटारीचा प्राण तबलीत आहे. ज्याच्यापाशी महागडे शिसव घेण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे. साधनांची गरिबी काही अंशी कौशल्याने भरून निघू शकते, याचा तो पुरावा आहे.

रहस्य आणि वारसा

तोरेसच्या अखेरच्या वर्षांतील एक आठवण त्याच्या परिचयाच्या एका धर्मगुरूने लिहून ठेवली आहे. आपल्या कलेचे रहस्य सोबत घेऊन जाऊ नये, जगासाठी ठेवून जावे, अशी विनंती त्याला एकदा जेवणाच्या वेळी करण्यात आली. तोरेसने उत्तर दिले त्याचा आशय असा : इच्छा असली तरी ते ठेवून जाता येणार नाही, कारण ते माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे, तबली साधली की नाही हे तीच मला सांगतात.

हे उत्तर खरे आहे, आणि अपुरेही आहे. खरे यासाठी की, चिमटीत धरलेली तबली किती लवते याची जाणीव शब्दांत पुरती उतरत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो, तेव्हा घोडीचा पृष्ठभाग किती घासावा हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. त्याचा कान ते ठरवितो. अपुरे यासाठी की, बोटांतले ज्ञान पुस्तकात मावत नसले, तरी दुसऱ्याच्या बोटांत उतरू शकते. त्यासाठी शिष्य शेजारी बसावा लागतो, त्याला चुका करू द्याव्या लागतात, आणि गुरूला आपले दार उघडे ठेवावे लागते. तोरेसने नाव घ्यावे असा शिष्य मागे ठेवला नाही. त्यामुळे पुढच्या कारागिरांना त्याच्या जुन्या गिटारी मोजून, पारखून, दुरुस्तीसाठी उघडून ते ज्ञान पुन्हा मिळवावे लागले.

त्यांतील एक होसे रोमानिलोस. १९३२ साली माद्रिदमध्ये जन्मलेला, फर्निचर घडविणारा हा कारागीर पोटासाठी इंग्लंडला गेला. तेथे गिटारीची ओढ लागून त्याने १९६१ मध्ये पहिली गिटार स्वतः घडविली. पुढे ज्यूलियन ब्रीम या श्रेष्ठ वादकाच्या हाती त्याची गिटार गेली. परंतु रोमानिलोसचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. त्याने तोरेसच्या गिटारींची मापे घेतली, दप्तरे चाळली, आणि १९८७ मध्ये तोरेसच्या जीवनकार्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने वर्गही घेतले आणि आपली पद्धत खुलेपणाने शिकविली. ज्याच्या हातात पटाशी होती त्यानेच लेखणीही उचलली, आणि म्हणून एका सुताराच्या बोटांतले ज्ञान शंभर वर्षांनी इतरांच्या हाती आले.

मिरजेची कहाणीही याच प्रकारची आहे. हत्यारांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे आपली कारागिरी वळविली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या घरातून घरात जात राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव जपले जाते. कला जपावयाची तर पुढच्या पिढीला ती शिकावीशी वाटली पाहिजे आणि तिच्यावर पोटही भरले पाहिजे. तोरेसचे भांड्यांचे दुकान आपण विसरू नये.

आपल्या समाजात हात आणि पुस्तक यांची फारकत फार जुनी आहे. ज्यांच्या हातांना लाकूड, चामडे, लोखंड, माती यांचे ज्ञान होते, त्यांच्यापासून अक्षर दूर ठेवले गेले. आणि ज्यांच्याजवळ अक्षर होते, त्यांनी हाताने काम करणे कमीपणाचे मानले. या फारकतीत दोघांचेही नुकसान झाले. कारागिराचे ज्ञान लिहिले गेले नाही, आणि पंडिताचे ज्ञान पारखले गेले नाही. आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्या अनेकांच्या घरी असे हात होते आणि आहेत. शिक्षण घेणे म्हणजे त्या हातांपासून पळ काढणे, असा अर्थ कोणी घेऊ नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. आपल्या आजोबांना, आत्याला, शेजाऱ्याला जे काम येत होते किंवा येते, मग ते सुतारकाम असो, चामड्याचे काम असो, टोपल्या विणणे असो वा ढोलकीला शाई भरणे असो, त्याची एकदा नोंद करावी. कोणते साहित्य, कोणती हत्यारे, कोणती मापे, कोणता क्रम, आणि काम साधले हे कशावरून ओळखावयाचे, एवढे पाच प्रश्न पुरेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शब्दांत मिळणार नाही. तेव्हा लेखणी खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसावे, आणि ते काम आपल्या अंगठ्याने आणि तर्जनीने करून पाहावे.